गोष्टीला फुटलेल्या वाटा

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात कोरीव लेणी आहेत. जिल्ह्यातील बहुतेक शाळांची सहल कधी ना कधी तेथे जातेच. दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या लेण्यात शिरल्यावर मुले काय करतात, हे ज्या शिक्षकांनी पाहिले असेल त्यांना हा लेख समजायला मुळीच अडचण येणार नाही. मध्ये खांबांचा प्रशस्त मंडप, समोर गाभारा आणि कडेच्या भिंतींत लहान लहान खोल्यांची दारे. मुले क्षणभर थबकतात आणि मग प्रत्येक जण वेगळ्याच दाराकडे धावतो. बाहेर आल्यावर 'काय पाहिले?' असे विचारले, तर वीस मुलांकडून वीस वेगळी वर्णने ऐकायला मिळतात. लेणे एकच, पण ज्याने ज्या क्रमाने दारे ओलांडली त्याप्रमाणे त्याची गोष्ट बनली.

वाचणाऱ्याने वाट निवडायची आणि त्याप्रमाणे गोष्ट बदलायची, अशा प्रकारच्या लेखनाचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. त्यातही अशी गोष्ट एकट्याने न लिहिता अनेकांनी मिळून लिहिली तर काय होते, या प्रश्नाकडे विशेष लक्ष देऊ. हा इतिहास वरवर पाहता संगणकाचा वाटतो. पण त्याची एक मुळी आपल्या या डोंगरात सापडते आणि दुसरी पुण्यात.

आडकथा आणि फाटा

अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर नावाच्या जैन मुनींनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे काव्य रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ साली कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. काव्यातील तेरापूर म्हणजे आपले तेर आणि त्यात वर्णिलेली लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, अशी ओळख त्यांनी पटवून दिली. लेणी मुळात बौद्ध की जैन, याची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. तो आपला आजचा विषय नाही. काव्यात करकंड राजा या लेण्यात येतो. तेथील आसनावर त्याला एक गाठ दिसते. ती फोडताच आतून पाण्याचा लोंढा येतो आणि लेणे पाण्याने भरून जाते. मग हे लेणे पूर्वी कोणी केले, याची हकिकत राजाला सांगितली जाते. म्हणजे गोष्ट थांबते, तिच्या पोटातून दुसरी गोष्ट निघते आणि ती संपली की पहिली पुन्हा सुरू होते. या काव्यात अशा आडकथा अनेक आहेत.

आपल्या परंपरेत हे तंत्र सर्वत्र आढळते. पंचतंत्र, कथासरित्सागर आणि महाभारत यांची बांधणीच तशी आहे. परंतु आडकथा आणि फाटा यांत एक मूलभूत फरक आहे. आडकथेत श्रोत्याला निवड नसते. सांगणारा आत नेतो आणि तोच बाहेर आणतो. एकावर एक ठेवलेल्या ताटल्यांपैकी शेवटी ठेवलेली आधी उचलावी, तसा हा क्रम असतो. फाट्याचे तसे नाही. तेथे एक वाट धरली की दुसरी सुटते. जी सुटली तिच्यावर काय होते, हे त्या वाचनात कळत नाही. ते कळण्यासाठी मागे जाऊन पुन्हा निवड करावी लागते.

छापील पुस्तकात अशी निवड वाचकाच्या हाती देण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न १९३० साली अमेरिकेत झाला. डोरिस वेब्स्टर आणि मेरी ऑल्डन हॉपकिन्स या दोन लेखिकांनी मिळून ते पुस्तक लिहिले. 'अमुक निर्णय घेतलात तर या परिच्छेदाकडे जा, नाहीतर त्या' अशी त्याची रचना होती. लेखिका दोघी होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९४१ मध्ये अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांनी काळालाच फाटे फुटतात अशी कल्पना असलेली एक कथा लिहिली. पुढे १९७९ पासून अमेरिकेत मुलांसाठी अशा पुस्तकांची मालिकाच निघाली आणि ती जगभर गाजली.

दुसरी गुहा

संगणकावरील पहिली प्रसिद्ध फाटेफोड गोष्टही गुहेतूनच निघाली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. मात्र ही गुहा कोरीव नव्हती. अमेरिकेतील केंटकी राज्यात चुनखडीच्या खडकात पाण्याने कोरलेल्या नैसर्गिक गुहांचे प्रचंड जाळे आहे. विल क्राउदर आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया या दोघांना गुहा मोजण्याचा छंद होता. अंतरे, दिशा आणि चढउतार यांची मोजमापे घेऊन ती संगणकाच्या साहाय्याने नकाशात मांडण्याचे काम ते करीत. मॅमथ गुहा आणि फ्लिंट रिज येथील गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे ज्या तुकडीने १९७२ मध्ये सिद्ध केले तिच्यात पॅट्रिशिया होत्या. क्राउदर हे पेशाने संगणकतज्ज्ञ. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत त्यांचा वाटा होता.

पुढे त्यांचा घटस्फोट झाला. मुलींच्या सहवासाला आपण अंतरलो, असे त्यांना वाटू लागले. मुली भेटायला येतील तेव्हा त्यांना खेळता यावे, म्हणून त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास फोरट्रान भाषेत एक आज्ञावली लिहिली. पडद्यावर चित्र एकही नाही. संगणक शब्दांत सांगणार, 'तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर असे असे दिसते.' मग खेळणाऱ्याने 'उत्तरेला जा' किंवा 'दिवा घे' यांसारखी एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करायची. त्यावर संगणक पुढच्या ठिकाणाचे वर्णन देणार. यातील गुहेचा आराखडा कल्पनेतला नव्हता. क्राउदर यांनी स्वतः पाहिलेल्या कलोसल केव्ह या गुहेच्या एका भागावर तो बेतलेला होता.

१९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स या विद्यार्थ्याला ही आज्ञावली सापडली. त्याने क्राउदर यांचा शोध घेऊन त्यांची परवानगी मिळवली आणि गुहेत नवी दालने, नवे प्राणी व नवी कोडी घातली. म्हणजे या गोष्टीलाही दोन लेखक लाभले आणि दुसऱ्याने पहिल्याच्या गोष्टीला फांद्या जोडल्या.

आतली व्यवस्था साधी आहे. प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक असतो, त्याखाली वर्णन असते आणि त्याखाली 'उत्तरेला गेल्यास क्रमांक अमुक, खाली उतरल्यास क्रमांक तमुक' असे तक्ते असतात. गणितात याला आलेख म्हणतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. क्राउदर यांच्या गुहेत एक चक्रव्यूह होता आणि त्यातील सर्व ठिकाणांचे वर्णन अक्षरशः सारखे होते. आपण कोठे आहोत हे ओळखायचे कसे? खेळणाऱ्यांनी युक्ती काढली. जवळची एकेक वस्तू एकेका ठिकाणी टाकायची. पुन्हा तेथे आलो की टाकलेली वस्तू दिसते आणि ठिकाण ओळखू येते. आलेखाच्या शोधातला 'भेट दिलेल्या बिंदूवर खूण करा' हा नियम शाळकरी मुलांनीही अशा रीतीने आपणहून शोधून काढला.

अनेक हात

वुड्स यांनी भर घातली ती आज्ञावलीत. साध्या खेळणाऱ्याला ते शक्य नव्हते. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी एकाच गुहेत अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असा शब्दांचा खेळ रचला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. त्याचे नाव 'मड'. यात सोबती मिळाले, पण भिंती बांधणारे हात अजून थोडेच होते.

ती मर्यादा १९८९ मध्ये ओलांडली गेली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स ॲस्पनेस यांनी 'टायनीमड' तयार केला. त्यात येणाऱ्या कोणालाही नवे दालन लिहिता येई आणि ते आधीच्या दालनाला जोडता येई. गोष्ट वाचता वाचताच तिला फाटा फोडण्याची सोय झाली. दालने भराभर वाढली. पुढच्याच वर्षी तो मूळ खेळ बंद झाला, पण त्याच्या धर्तीवर अनेक खेळ निघाले. त्यांपैकी 'लॅम्डामू' हा झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केला.

तेथे लवकरच एक नवा प्रश्न उभा राहिला. एकाने बांधलेले दुसऱ्याला आवडले नाही तर काय करायचे? कोणाचे दालन ठेवायचे, कोणाचे काढायचे आणि हे ठरवणार कोण? १९९२ च्या अखेरीस कर्टिस यांनी जाहीर केले की, यापुढे व्यवस्थापक केवळ यंत्र चालू ठेवतील, भांडणे मिटवणार नाहीत. त्यानंतर अर्ज आणि मतदान यांची पद्धत आली. परंतु १९९६ मध्ये त्यांना ही भूमिका मागे घ्यावी लागली. यंत्र चालवणारा तटस्थ राहू शकत नाही, हा अनुभव त्यांना आला. तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणून सुरू झालेली गोष्ट येथे माणसांच्या वागण्याचा प्रश्न होऊन बसली.

थोडा हिशेब

गोष्ट फाटे फोडत गेली तर किती मोठी होते, हे मुलांकडून काढून घेण्यासारखे आहे. समजा, प्रत्येक पानाच्या शेवटी दोन पर्याय आहेत आणि शेवटापर्यंत पोहोचायला दहा निर्णय घ्यावे लागतात. पहिले पान १, मग २, मग ४, असे करत शेवटच्या पायरीवर १०२४ पाने होतात. एकूण बेरीज २०४७. तीस मुलांच्या वर्गाने रोज प्रत्येकी एक पान लिहिले तरी ६९ दिवस लागतील. आणि वाचणारा एका वेळी त्यांतली फक्त ११ पाने वाचेल.

यावर उपाय म्हणजे वाटा पुन्हा एकत्र आणणे. दुष्काळातील एका गावाची गोष्ट घेऊ. रांजणात थोडे पाणी आहे. दाराशी एकामागून एक दहा जण पाणी मागायला येतात आणि प्रत्येक वेळी 'द्या' किंवा 'देऊ नका' असा निर्णय वाचकाने घ्यायचा आहे. प्रत्येकाला एकच तांब्या द्यायचा. आता पुढचे पान कोणते, हे केवळ आतापर्यंत किती तांबे दिले यावर ठरवायचे, असा नियम करू. मग पहिल्या निर्णयानंतर २ पाने लागतात, दुसऱ्यानंतर ३ आणि दहाव्यानंतर ११. एकूण पाने १ + २ + ३ + … + ११, म्हणजे फक्त ६६. वाचण्याचे मार्ग मात्र १०२४ च राहतात. कोणत्या पानावर किती मार्गांनी पोहोचता येते ते मांडत गेले की पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत हलायुधाने सांगितलेला मेरुप्रस्तार तयार होतो. पाच तांबे दिल्याच्या शेवटाकडे २५२ मार्ग जातात, तर एकही तांब्या न दिल्याच्या शेवटाकडे एकच.

पाने २०४७ वरून ६६ वर आली. ही बचत फुकट झालेली नाही. किती तांबे दिले एवढेच आता पानाला ठाऊक आहे. कोणाला दिले हे ते विसरले आहे. म्हातारीला नाकारून सावकाराला दिले काय, आणि सावकाराला नाकारून म्हातारीला दिले काय, पान एकच. वाटा जोडणे म्हणजे काहीतरी विसरणे. भौतिकीत वायूचा दाब आणि तापमान सांगताना तो वायू त्या स्थितीला कोणत्या मार्गाने आला हे आपण सोडून देतो, तसेच हे आहे. तेथे ते चालते. गोष्टीत चालेल की नाही, हे प्रत्येक जोडणीच्या वेळी तपासावे लागते.

पुण्यातील वृक्ष

फाटे फुटलेली, अनेक हातांनी लिहिलेली जगातील एक अवाढव्य गोष्ट आपल्याकडेच आहे. ती म्हणजे महाभारत. शतकानुशतके ते हाताने नकलून घेतले गेले. नकलणाऱ्याने कोठे शब्द बदलला, कोठे श्लोक घातला, कोठे संपूर्ण आख्यान जोडले. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्या एक सांगतात, मलयाळम लिपीतील दुसरे सांगतात.

या फांद्यांची व्यवस्थित नोंद घेण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर हे प्रमुख संपादक झाले. त्यांचे केंब्रिजमधील शिक्षण गणिताचे होते, ही गोष्ट विज्ञानशिक्षकांनी मुद्दाम मुलांना सांगावी. पोथ्या ताडून पाहण्याचे काम पुण्याखेरीज शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही चाले. कोऱ्या तक्त्यावर एक श्लोक लिहायचा आणि त्याच्याखाली एकेका पोथीतील पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा, अशी पद्धत होती. सारे काम मजकुराचे, कागदाचे आणि अनेक माणसांचे. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. सुकथनकर १९४३ मध्ये वारले. त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर, प. ल. वैद्य आणि रा. ना. दांडेकर यांच्या देखरेखीखाली काम चालत राहिले आणि १९६६ मध्ये संहिता पुरी झाली. त्यासाठी एकूण १२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या.

जुना पाठ कोणता, हे ठरवण्याची रीत शिक्षकांना परिचित आहे. पाच मुलांच्या वह्यांत एकच विचित्र चूक सापडली तर त्यांनी एकाच वहीवरून उतरवले, हे आपण ओळखतो. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गावांतील पोथ्यांत तोच शब्द असेल, तर तो त्या दोघींच्या समान पूर्वजातून आला असण्याची शक्यता मोठी. सजीवांचा वंशवृक्ष मांडताना जीवशास्त्रज्ञ हाच तर्क वापरतात. १९९८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, चॉसर या इंग्रज कवीच्या एका रचनेच्या ५८ हस्तलिखितांचा वंशवृक्ष जीवशास्त्रातील संगणकीय पद्धतीने काढून दाखवला होता.

पण या आवृत्तीतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. संपादकांनी जे मुख्य संहितेत घेतले नाही, ते टाकून दिले नाही. लहान पाठभेद आणि जादा श्लोक त्याच पानावर तळाशी छापले. मोठे प्रसंग परिशिष्टात दिले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, हा आपणा सर्वांच्या मनात घर केलेला प्रसंग सगळ्या महत्त्वाच्या पोथ्यांत नाही. म्हणून तो मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. वाचकाला निर्णय मान्य नसेल तर पुरावा त्याच्यासमोर त्याच ग्रंथात ठेवलेला आहे. कोणाचे ठेवायचे या प्रश्नावरचे हे उत्तर 'लॅम्डामू'च्या कितीतरी आधीचे आहे.

आज संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक २००५ मध्ये निघालेली 'गिट' नावाची व्यवस्था वापरतात. तिच्यातही फांद्या फुटतात, जोडल्या जातात आणि जुने प्रत्येक रूप नावानिशी शिल्लक राहते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातही प्रत्येक लेखाचा इतिहास असाच पाहता येतो.

बुटांच्या खोक्यातील गोष्ट

हे सारे वर्गात कितपत उतरते ते पाहावे, म्हणून काही वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत मी आठवीच्या वर्गाबरोबर तीन दिवस घालवले. अशा गोष्टी लिहिण्यासाठी 'ट्वाइन' नावाची फुकट मिळणारी आज्ञावली आहे. ती २००९ पासून उपलब्ध असून तिच्यात मराठीत लिहिता येते. ती घेऊनच मी गेलो होतो. पण पहिल्याच दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मग शिक्षकांनी बुटांचे एक रिकामे खोके आणि पोस्टकार्डाच्या आकाराचे कागद आणले. प्रत्येक कार्डावर वर क्रमांक, मध्ये दहा ओळींच्या आत मजकूर आणि खाली दोन पर्याय व त्यांचे क्रमांक. एका वहीत कार्डाचा क्रमांक, कोणत्या कार्डावरून आले, कोणी लिहिले आणि तारीख. क्राउदर यांच्या आज्ञावलीत याहून फार वेगळे काही नव्हते.

गोष्टीची नायिका आठवीतलीच एक मुलगी होती. ती आणि तिचे मित्र लेण्यात जातात, तेथे त्यांना कुलूप लावलेली पेटी सापडते. कार्ड ३१ वर ते कुलूप उघडते. कुलपाचा आकडा म्हणजे १००० रुपयांची दरसाल दर शेकडा १० ने ३ वर्षांची चक्रवाढ व्याजाने होणारी रास, १३३१. हे कार्ड लिहिणारा मुलगा त्यावर फारच खूश होता.

कार्ड ७ वर एका मुलीने वेगळा फाटा काढला. दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतलेली आहे. 'लेण्यात जा, कार्ड ८' किंवा 'आईबापाबरोबर फडावर जा, कार्ड १९'. १९ पासून पुढची कार्डे तिने एकटीने लिहिली. ट्रॅक्टरमधला प्रवास, कोपी, पहाटे मोळ्या वाहणे, लहान भावाला सांभाळणे. त्यात कोठेही रडगाणे नव्हते. पण वर्गाला ती पसंत पडली नाहीत. एक जण म्हणाला, "सर, ही कार्डं काढा की. ह्यात पेटीच न्हाई."

ती एवढेच म्हणाली, "पर आमी जातावच की, सर."

खोक्यातून काहीही फाडायचे नाही, हा नियम आधीच केलेला होता. तेव्हा दुसऱ्या एका मुलाने तोड काढली. हिशेब शिकल्यामुळे त्याला जोडणीचे महत्त्व पटले होते. कारखान्याचा हंगाम संपला की नायिका गावी परत येते आणि तेथून थेट कार्ड ३१. पाने वाचली, सगळे खूश.

ती मुलगी बराच वेळ कार्ड ३१ वाचत राहिली. मग म्हणाली, "हिला आकडा कुठनं येनार? ह्यो धडा झाला तवा ती न्हवती."

वर्ग गप्प झाला. तांब्यांच्या गोष्टीत आम्ही जे फळ्यावर केले होते, तेच येथे झाले होते. वाटा जोडताना पान काय विसरते, हे विचारायचे राहून गेले होते. त्या कार्डावर येणाऱ्या दोन मुलींपैकी एकीला चक्रवाढ व्याज शिकवलेले होते आणि दुसरीला नव्हते, पण कार्डाला दोघी सारख्याच. शिक्षक माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "आपल्या हजेरीपटावर तरी दुसरं काय होतं?"

मुलांनी त्या दिवशी तीन कार्डे वाढवली. त्यांत नायिका परत येते, मैत्रिणीकडून तो धडा समजून घेते, पहिल्या प्रयत्नात चुकते, साध्या व्याजाने १३०० लावते आणि कुलूप उघडत नाही. त्यानंतर ती कार्ड ३१ वर पोहोचते. मूळ फाट्याचे कार्ड २४ अर्धेच राहिले होते. खाली दोन पर्याय लिहिले होते, पण क्रमांक नव्हते. दिवाळीनंतर ती मुलगी गेली.

फेब्रुवारीत मी पुन्हा त्या शाळेत गेलो तेव्हा खोक्यात ऐंशीच्या वर कार्डे झाली होती. कार्ड २४ खाली क्रमांकाची जागा रिकामीच होती. कोणीच कसे पुढे लिहिले नाही, असे विचारल्यावर कुलपाचे कार्ड लिहिणारा मुलगा म्हणाला, "ते तिचंय, सर. आल्यावर लिहील की." शिक्षकांनी दरम्यान हजेरीपटाच्या मागे एक पान जोडले होते. हंगामात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे, तो नसताना झालेल्या धड्यांची यादी.

करून पाहण्यासाठी

ज्यांना हा प्रयोग करायचा असेल त्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात. पहिले कार्ड शिक्षकांनी न लिहिता वर्गाने मिळून लिहावे. एका कार्डावर दोनच पर्याय ठेवावेत. आठवड्यातून एकदा मुलांच्या दोन गटांनी तपासणी करावी: एका गटाने पुढे वाटच नसलेली कार्डे शोधावीत, दुसऱ्याने ज्यांच्याकडे कोणतीच वाट येत नाही अशी कार्डे. मोठ्या कागदावर क्रमांक आणि बाण काढून आलेख भिंतीवर लावावा. कोणत्याही दोन वाटा जोडण्यापूर्वी 'या वाटेने आलेल्याला काय माहीत आहे आणि त्या वाटेने आलेल्याला काय माहीत नाही' हे दोन स्तंभांत लिहून घ्यावे. आणि मतदानाने नाकारलेले कार्ड फाडू नये. खोक्याच्या तळाशी वेगळ्या पाकिटात, लिहिणाऱ्याच्या नावासह ठेवावे आणि मुख्य कार्डावर त्या पाकिटाचा क्रमांक घालावा.

या साऱ्याला लागते ते एक खोके, शंभर कोरी कार्डे आणि एक वही. वीज असेल तर ट्वाइन आहेच.